वरलं आणि खाललं

आजही दुकानात ज्वारी घेताना मूठभर दाणे नाकाशी नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचा सांगलीतला दुकानदार म्हणतो, "बाई, ज्वारी घेताय का तपकीर ओढताय?" मी लक्ष देत नाही. मुलींच्या वसतिगृहाची कोठी मी पुष्कळ वर्षं सांभाळली, आणि त्या काळात एकही पोतं वास घेतल्याशिवाय आत येऊ दिलं नाही. मुली माझ्या पाठीमागं मला 'नाकवाल्या बाई' म्हणत, तेही मला ठाऊक होतं. दाणा दिसायला टपोरा असतो, चावून बघितला तर कडक लागतो. पण तो कुठं राहून आला आहे हे वासानंच कळतं. ही विद्या मी कोठीत शिकले नाही. दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या घरात शिकले, आणि कशी शिकले ते आता लिहून ठेवते, कारण त्या दिवशी परड्यात असलेल्यांपैकी आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आमचं गाव कृष्णेच्या काठचं, कराडहून सांगलीकडं येताना लागणारं. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझी रांगती बहीण. महायुद्ध चालू होतं आणि धाकटे काका पलटणीत होते, कुठल्याशा वाळवंटात. त्यांची पत्रं यायची. त्यांत लढाईचं काही नसायचं, खाण्याचं असायचं. डब्यातला मासा, डब्यातलं लोणी, डब्यातलं दूध, आणि शेवटी दरवेळी एकच मागणी: वैनीला म्हणावं, लसणाची चटणी धाडून द्या. पत्र वाचून झालं की आई म्हणायची, "त्येंचं बरं हाय बाई. सरकार त्येंस्नी डब्यातनं घालतंय आन् आमच्या कणगीतनं काढतंय." ती चेष्टेनं म्हणायची, पण खोटं म्हणत नव्हती. साखर नाव काढायला नव्हती. घासलेट बाटलीच्या तळाशी असायचं. तांदूळ दिवाळीला बघायला मिळाला तर मिळाला. तालुक्याच्या गावी कंट्रोलचं दुकान होतं, तिथं रांगेत उभं राहून आणलेल्या धान्यात खडे निवडता निवडता बायकांची दुपार जाई. शेतकऱ्याला कंट्रोलची गरज काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आमच्यावर लेव्ही होती. जमीन किती, पीक किती, खाणारी तोंडं किती याचा हिशेब तलाठी करायचा, घराला ठेवायचं तेवढं सोडायचा आणि बाकीची ज्वारी सरकारजमा.

त्या सालांत आमच्या भागात 'भूमिगत' हा शब्द पोराटोरांच्या तोंडी होता. सरकारशी भांडणारी तरुण माणसं भूमिगत होती आणि ज्वारीही भूमिगत होती. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली रांजणासारखं पोट. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, धान्य ओतायचं, वर फरशी आणि माती. गावठाणातली पेवं सगळ्यांना माहीत होती, त्यामुळं ती लेव्हीच्या कागदावर चढली आणि रिकामी झाली. पण आमच्या गोठ्यात, म्हैस बांधायच्या जागेखाली, आजोबांच्या वेळचं एक जुनं पेव होतं. ते कागदावर नव्हतं. आबांनी ते गुपचूप भरलं, वर फरशी टाकली, फरशीवर शेण-माती, आणि त्यावर म्हैस. लेव्हीची माणसं लोखंडी सळई घेऊन घरोघर जमीन टोचत फिरली तेव्हा आमच्या गोठ्यातही आली होती. म्हशीनं शिपायाला अशी लाथ घातली की तो सळईसकट बाहेर आला. आबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वळख न्हाई न्हवं तिला. जरा लाजती."

संक्रांत झाली आणि कणगी खडखडली, तेव्हा एका दुपारी ते पेव उघडलं. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कोणी उतरायचं नसतं. आतली हवा माणूस मारते. आबांनी फरशी सरकवून सकाळपासून तसंच ठेवलं होतं. मग दोरीनं कंदील खाली सोडला. ज्योत विझली नाही हे दोनदा बघून घेतलं आणि माझ्या काखेतून दोरी बांधली. आबांचे खांदे त्या तोंडातून उतरत नव्हते, आणि बाहेरच्या माणसाला सांगायचं नव्हतं. मला सगळ्यात जास्त आठवते ती आतली ऊब. बाहेर माघातली थंडी आणि आत ज्वारी ताज्या दुधासारखी कोमट. मी पाटी भरायची, दोरी हलवायची, आबा वर ओढायचे. आणि तो वास. जुनं ओलं गोणपाट, आंबलेलं पीठ आणि त्यात कुठंतरी दारूची झाक, असा काहीतरी. तीन दिवस माझ्या केसांतून तो गेला नाही.

तेव्हापासून घरात दोन शब्द आले. लेव्हीनं सोडलेलं धान्य ते 'वरलं', आणि पेवातलं ते 'खाललं'. वरलं मोठ्या डेऱ्यात, खाललं माजघराच्या कोपऱ्यातल्या कणगीत. वरलं पाहुण्यांसाठी, सणासाठी. खाललं आमच्यासाठी. आईचा एकच हुकूम होता: "खाललं उंबऱ्याभाईर जायाचं न्हाई. ना दाना, ना पीठ, ना भाकरी." कारण ती भाकरी तव्यावर फुगली की तिचा वास गल्लीभर जायचा. त्यावर आईनं तोड काढली होती. खाललं थापायला घेतलं की शेजारच्या चुलीवर ती सुक्या मिरच्या भाजायला टाकायची. आम्ही खोकून खोकून भाकरी खायचो. गंमत अशी की त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ सगळ्याच घरांतून मिरच्यांचा खकाणा उठायचा, सगळी गल्ली खोकायची, आणि कोणीच कोणाला विचारायचं नाही की बाई, एवढ्या मिरच्या रोज कशाला.

मला खाललं आवडत नसे, हे सांगितलं पाहिजे. पोटभर होतं तरी आवडत नसे. वरल्याची भाकरी पांढरी, गोड वासाची. ती कधी पानात येते याकडं माझे डोळे लागलेले असायचे. डेऱ्यात वरलं किती उरलं आहे, हे आईपेक्षा मला पक्कं माहीत होतं.

दरसाल पीक निघालं की पूर्वेकडच्या माणदेशातून मेंढरं यायची. तिकडं पाऊस नाही, चारा नाही, म्हणून ते लोक कळप घेऊन नदीकाठाला उतरायचे. मेंढरं रिकाम्या रानात बसवायची. त्यांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळायचं, आणि त्याबदल्यात शेतकऱ्यानं मेंढक्याला ज्वारी द्यायची, अशी जुनी रीत. आमच्या रानात धोंडाबाई आणि तिचा नवरा बिरू यांचा कळप माझ्या जन्माआधीपासून बसत होता. धोंडाबाई उंच, काटक, आवाजानं मोठी. ती मला 'इंदू' न म्हणता 'इंदू पाटलीन' म्हणायची आणि आईला विचारायची, "वैनी, हिला आमच्यात देता का? शंभर मेंढरांची मालकीन करते."

त्या साली मेंढरं आठ दिवस बसली. निघायच्या वेळी बिरू ज्वारी मागायला आला तेव्हा आबांनी हात वर केले. "लेव्हीनं खरवडून न्हेली रं. पैसं घे."

"आण्णा, पैसं घिऊन काय करू? आमच्याकडं बाजारात दाना न्हाई."

"मग मी तरी कुठनं आनू? मला काय आभाळातनं पडतंय?"

 बिरू कळप घेऊन पुढं गेला. आबा चावडीवर गेले. धोंडाबाई मात्र तट्टावर बिऱ्हाड लादून, दोन पोरांना घेऊन आमच्या मागच्या दारी आली. मोठ्यानं बोलणारी ती बाई त्या दिवशी हळू बोलत होती.

"वैनी, पैसं काय पोरं चावून खात्यात व्हय? पंधरा दीस हुलग्याच्या माडग्यावर काढल्यात. आता हुलगंबी सरलं."

आईनं तिच्या पोरांकडं बघितलं. पुढच्या दाराकडं बघितलं. आणि मला म्हणाली, "इंदे, दोन पायल्या घाल हिच्या पिशवीत. वरलं घाल हां, डेऱ्यातलं. मी दार बघती." धोंडाबाई तिथंच उभी होती, तिनं ते ऐकलं.

मी आत गेले. डेऱ्यात हात घातला तर तळ लागायला फार उशीर नव्हता. दोन पायल्या काढल्या तर पाडव्याला काय उरणार, ते मला दिसत होतं. पाडव्यानंतर सगळं खाललंच. शेजारी कणगी काठोकाठ भरलेली. मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. मी माप कणगीत बुडवलं. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ती बाहेर आणून दिली. धोंडाबाईनं ती तट्टावर घोंगड्यांच्या घडीत दाबली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

त्या काळी एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत धान्य न्यायचं म्हणजे परवाना लागायचा. पूर्वेच्या रस्त्यावर संस्थानाची हद्द सुरू होई तिथं नाका होता. हे आईला माहीत नव्हतं असं नाही. पण मेंढक्याच्या घोंगड्या कोण उलगडून बघणार, असा तिचा अंदाज. तो चुकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या परड्यात लेव्हीचे अधिकारी भाऊसाहेब सायकलवरून उतरले. मागून शिपाई, आणि शिपायाच्या पुढं धोंडाबाई. पोरं नव्हती, ती बापाकडं पोचवली होती. आबा घरीच होते. आई चुलीपाशी, मी तिच्या पदराशी. शेजारच्या कुंपणावर दहा डोकी लगेच जमली.

भाऊसाहेब शांत माणूस होते. त्यांनी पिशवी उघडली, मूठ भरली, तळहातावर चोळली आणि नाकाशी नेली. "पाटील, ही बाई तुमच्या रानात उतरली होती ना? ही पेवातली ज्वारी आहे. आणि तुमच्या गावची पेवं तर आम्ही मागंच रिकामी केली."

 वरलं असतं तर ती नुसती ज्वारी असती. कुठल्याही रानातली, कुठल्याही खळ्यावरची. तो वास मी पिशवीत भरून दिला होता. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला तेवढ्यात कळलं.

धोंडाबाई पुढं झाली. "सायब, मी नाक्यावरच सांगितलंय. म्या चोरली. ह्येंच्या परड्यात वाळत घातल्याली. मूठमूठ उचलली."

ती असं का म्हणाली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. लहानपणी वाटायचं, आईच्या उपकाराची फेड. आता वाटतं, त्यात व्यवहार जास्त होता. शेतकऱ्याचं पेव सरकारला दाखवणाऱ्या मेंढकीला नदीकाठच्या एकाही गावानं पुन्हा रानात उतरू दिलं नसतं. एका बाईनं तुरुंगात जाणं त्यापेक्षा स्वस्त होतं. नाक्यावर पिशवी उघडली त्या घडीलाच तिनं ते ठरवलं असणार.

आबांना वाट दिसली. ते म्हणाले, "गावठाणातलं पेव लेव्हीला मोकळं केलं तवा तळाची खराब ज्वारी तुमीच सोडली होती, सायब. तीच वाळत घातल्याली. त्यातली असंल." हे पटण्यासारखं होतं. ज्वारी आम्ही दिली असं ठरलं असतं तर गोठा खणला गेला असता आणि आबा गेले असते. चोरी ठरली तर ती गेली असती. मधली वाट नव्हती.

भाऊसाहेबांनी आबांकडं बघितलं, मग कोणाला काही कळायच्या आत माझ्यासमोर उकिडवे बसले. "बाळ, तू सांग. या बाईला घरातून कुणी ज्वारी दिली का?"

 मी धोंडाबाईकडं बघितलं. तिनं नजर खाली ठेवली होती.

"न्हाई," मी म्हणाले.

"नक्की?"

"न्हाई दिली."

धोंडाबाईनं बारीकशी मान हलवली, पाठांतर बरोबर म्हणून दाखवणाऱ्या मुलीपुढं मास्तर हलवतात तशी. एवढ्यावर सगळं संपलं असतं. भाऊसाहेब उठले होते. पण आबांना सुटल्याचा आनंद आवरला नाही. कुंपणावरच्या लोकांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ह्या मेंढक्यांच्या हाताला सवयच हाय, सायब. मेंढरंबी आमीच बसवायची आन् घरबी आमीच राखायचं."

तेव्हा धोंडाबाईनं पहिल्यांदा मान वर केली.  आबांकडं तिनं असं बघितलं की ते तंबाखूची पिशवी शोधायला लागले.

आईनं भाऊसाहेबांना जेवायला थांबवलं. थांबवलं नसतं तर संशय आला असता. डेऱ्यातलं वरलं दळलेलं होतं, त्याच्या भाकरी केल्या. धोंडाबाई शिपायासोबत गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. पेवापासून चार हातांवर. आईनं तिलाही भाकरी नेऊन दिली. तिनं ती पदरात बांधली, खाल्ली नाही. जाताना भाऊसाहेब हात पुसत आबांना म्हणाले, "पेवाचा वास नाकातनं लवकर जात नाही, पाटील." आबा हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. ते समजून होते असं मला वाटतं. पण हातात एक चोर होता आणि ऊन फार होतं.

तिला साताऱ्याला नेलं. महिनाभराची सजा झाली असं कानावर आलं.

आईनं मला मारलं नाही, बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा आबांच्या पानात खाललं, तिच्या पानात खाललं, आणि माझ्या पानात वरल्याची पांढरी भाकरी. मी बघत राहिले. "खा," आई म्हणाली. "तुला आवडती न्हवं? तुझ्यासाठीच राखलंस न्हवं? खा." डेऱ्याचा तळ लागेपर्यंत, पाडवा धरून, तिनं रोज दोन्ही वेळा फक्त मला वरलं वाढलं. घासागणिक पाणी पीत मी ते खाल्लं. शेवटी शेवटी मी खाललं मागून रडले, तरी तिनं दिलं नाही. पुढं कोठीत मी अनेक मुलींना शिक्षा केल्या, पण एवढी कडक शिक्षा मला कधी सुचली नाही.

दुसऱ्या साली मेंढरं पुन्हा उतरली. लेव्ही त्या साली थोडी सैल होती आणि पीक बरं होतं. कळपाची धूळ दिसली तसे आबा सकाळपासून बांधावर जाऊन उभे राहिले. पुढं कुत्री, मग मेंढरं, मागं तट्टू आणि तट्टाशेजारी धोंडाबाई. केस पांढरे झाले होते. कळप आमच्या बांधाला लागला आणि दरसालच्या सवयीनं चार मेंढरं आत वळली. तिनं ती काठीनं बाहेर काढली.

"अगं, हितं बसवा की," आबा म्हणाले. "ज्वारी ठिवलीया. औंदा पायलीबी कमी करनार न्हाई."

ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "आमच्या हाताला सवय हाय म्हनं, आण्णा. तुमचं रान तुमीच राखा."

बिरूनं आबांना रामराम केला, पण तोही थांबला नाही. कळप पलीकडच्या रानाकडं सरकला. आबा बांधावर तसेच उभे. आईनं घरातून हे बघितलं असावं, कारण मी परड्यात येताच तिनं माझ्या डोक्यावर नव्या ज्वारीची पाटी दिली आणि म्हणाली, "पळ. गाठ तिला."

मी पळत गेले. ओढ्यापाशी तिला गाठलं. पाटी खाली ठेवली आणि धापा टाकत उभी राहिले. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. इंदू पाटलीन म्हणाली नाही.

"ह्ये तरी वरलं हाय का गं?"

तोवर मला वाटत होतं की ती गोष्ट फक्त मला आणि आईला माहीत आहे. नाक्यावर पिशवी उघडली आणि वास आला तेव्हापासून तिला माहीत होती. माझ्यासमोर उभी राहून तिनं मान हलवली तेव्हाही माहीत होती.

"व्हय," मी म्हणाले.

ती खाली वाकली. मूठभर दाणे घेतले, नाकाशी नेले, डोळे मिटून वास घेतला. मग हात पाटीवर आणून मूठ सैल केली. दाणे सगळे परत पडले. तिनं तळहात लुगड्याला पुसला.

"आता खरं बोलतीस," ती म्हणाली, आणि मेंढरांमागं गेली.

मी पाटी डोक्यावर घेऊन घरी आले. आई दारातच उभी होती.

"घेतली का?"

"न्हाई," मी म्हणाले.